दोन बोटं रबर

तुर्भ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागच्या गल्लीत
जोमा भोईरचं दुकान दुपारी तीनलाही अंधारं असतं.
बाहेर टायरांची उतरंड,
आत जळक्या रबराचा आणि मार्केटातल्या कांद्याचा
एकच झालेला वास.
मी अठराचं चाक घेऊन गेले होते, कूस फाटलेलं.

टॉवर एकशे चौदा, मुरबाडच्या पलीकडे,
वीजवाहिनीची पाहणी.
रस्ता नव्हताच. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या
आणि मधे कातळाची बाहेर आलेली जीभ.
वेगही फार नव्हता. नुसतं फस्स झालं
आणि मागच्या खिशातलं पाकीट काढायला
माणूस कलतो, तशी गाडी कलली.

जोमानं फाटलेल्या कुशीत बोट घातलं.
"दगडानं नाय फाडला," म्हणाला,
"दगड खालून, तुझी रिम वरून.
मधे रबर सापडला."

सोसायटीत सगळ्यांना अठराच आवडतात.
भाऊजी तर म्हणाले होते, वीसच्या घाल,
काळ्या, चकचकीत कडांच्या,
पाम बीचला सिग्नलवर उभी राहिलीस
की लोकांनी वळून बघितलं पाहिजे.
बघतात, खरं आहे.
एकशे चौदाला वळून बघायला एक टिटवी होती.

जोमानं खडू घेतला,
फरशीवर मोठं वर्तुळ काढलं.
"ही बाहेरची गोलाई. हिला फार हलवायची नाय.
नायतर काटा खोटं बोलतो, मडगार्ड घासतो."
मग आत दुसरं, अठराचं. तळव्यानं पुसलं.
सतराचं. पुसलं, पण नीट पुसलं गेलं नाही.
मग सोळाचं.
दोन रेघांमधली जागा रुंदावत गेली.
त्यानं तिथे बोटं टेकवून मोजलं.
"अठरापेक्षा दोन बोटं जास्ती.
लोखंड कमी कर, रबर वाढतो.
आणि रबर म्हणजे तरी काय,
हवेच्या अंगातला सदरा."

ब्रेक मावेल? मी विचारलं.
त्यानं रिम चढवली, हातानं फिरवली,
कान लावून ऐकली,
बसचं तिकीट फटीत सरकवून बघितलं.
"मावतो. उद्या कोणी बॅलन्सचं वजन
आतून चिकटवाया लागला
तर सांग, जोमा नको बोललाय."

दोनशे पंचेचाळीस, पंच्याहत्तर, सोळा.
सानपाड्यापर्यंत पाढ्यासारखं म्हणत गेले.
साध्या पोलादी रिम, काळ्या, बिनचकाकीच्या.
भाऊजी खाली येऊन म्हणाले, टेम्पोच्या वाटतात.
वाटतात.
वळणावर गाडीही आता जराशी डुलते,
घाईतल्या माणसाला आवडणार नाही.

पुढच्या मंगळवारी, कातळाच्या अलीकडे, मी उतरले.
व्हॉल्व्हची झाकणं ओठांत धरली, धुळीची चव आली,
आणि हवा सोडायला बसले.
बत्तीस. सव्वीस. वीस.
एक म्हातारा म्हशी घेऊन थांबला.
"पंक्चर?"
तोंडात झाकणं. मी मान हलवली, नाही.
"मग हवा कोणी सोडली?"
मी स्वतःकडे बोट दाखवलं.
तो बराच वेळ चाकांकडे बघत राहिला.
चारही जरा उकिडवी बसलेली.
"बसू दे," म्हणाला,
एखाद्या म्हशीबद्दल म्हणावं तसं,
आणि पुढे गेला.

चाक कातळावर चढलं तेव्हा
मी खिडकीतून वाकून बघत होते.
कणकेत अंगठा रुततो
तसा दगड कुशीत गेला,
थोडा वेळ तिथे राहिला,
मग जिथला तिथे परत.
आवाज नाही.

दोन बोटं होती. दीड लागलं.
उरलेलं अर्धं घेऊन मी टॉवरखाली पोचले.
टिटवी होतीच.