जागले

माझं काम मोजण्याचं.
लाखनीच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं खिडकीच्या एका गजाऐवजी दोरी बांधलेली आहे,
मी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरते,
जांभळा रंग टाकते, धुते,
आणि शंभर पांढऱ्या पेशी होईपर्यंत
मोजत बसते.

आजच्या एका पट्टीवर नाव होतं: कौतिका, वय छप्पन्न.
मीच लिहिलं होतं. आडनाव लिहायला हात गेला नाही.

माय, तीस वर्षं तू भट्टीपुढं बसलीस.
वर कढईत तापली वाळू, वाळूत फुलणारे मुरमुरे,
खाली धानाचं तूस.
धूर कुठं जातो विचारलं तर म्हणायचीस,
"जाते कुठंतरी. आपल्याले का करा लागते?"
दोन वर्षं झाली भट्टी विझून.
तो अजून गेलेला नाही.

बोटाला चिमटा लावला. ब्याऐंशी.
नखं निळी. "काल शिंगाडे सोलले ना,"
तू म्हणालीस, भर चैत्रात.

डॉक्टर म्हणाले, दाब वाढलाय.
तू भांडलीस, "बीपी तं माहं बराबर हाय!"
हा दाब वेगळा, माय.
फुप्फुसाच्या नळ्यांतला.
दंडाला पट्टा बांधून तो सापडत नाही.

रात्री उशीला टेकून बसल्या बसल्या विचारलंस,
"माह्या आंगात झालं तरी का वं?"

तुला ती वाघाची बोंब आठवते?
कोणी पाहिला नव्हता. कुत्री भुंकली, एवढंच.
सारं गाव काठ्या-कंदील घेऊन पांदणीवर आलं,
जो येई तो दुसऱ्याला हाक मारी,
आणि वाघ दिसेना म्हणून
दोन्ही अंगांनी बोरीबाभळीचे काटे रचले,
काट्यांवर काटे, मेढीला मेढ.
सकाळी आपलं खासर पांदणीतून निघेना.

तसंच.
हवा कमी पडली की आतले जागले उठतात.
काही नळ्यांच्या शेजारीच राहणारे,
काही हाडांच्या पोकळीतून धावत आलेले, कोवळे,
काठी कशी धरायची ते वाटेतच शिकलेले.
जंतू नाही. जखम नाही.
फक्त प्राणवायू नाही,
आणि जे नाहीच
त्याला काठी कशी मारायची?
म्हणून ते हाका मारत सुटतात.
हाका ऐकून भिंतीतले गवंडी जागे होतात,
थरावर थर चढवतात, आतल्या बाजूनं.
पांदण अरुंद होत जाते.

"अन् बैल?"
बैल म्हणजे काळजाची उजवी बाजू, माय.
तो ओढतो. ओढून ओढून त्याचा खांदा जाड होतो.
पुढचं मी सांगितलं नाही.
तू मात्र नडगीवर अंगठा दाबून पाहिलास.
खळगा पडला. बराच वेळ तसाच राहिला.

"त्याइले कोनी घरी जा म्हनत नाई का?"
म्हणतात ना. पेशींमध्येही असतात असे,
हात खाली घ्या म्हणणारे. थोडेच.
"तुह्या बापासारखे," तू हसलीस, आणि खोकलीस.
बाप त्या रात्री पांदणीच्या तोंडाशी बसून
ज्याला त्याला सांगत होता, वाघ नाही रे, झोपा.
कोणी ऐकलं नव्हतं.

आता कोपऱ्यात यंत्र घुरघुरतंय,
नाकात नळी, नळीत हवेतून निवडलेली हवा.
अकराला लाईन जाते. तोवर तरी
आतल्या कोणाला वाटेल का,
की बोंब खोटी होती?

मी शंभर मोजल्या. सगळ्या ठीक दिसल्या.
पण पट्टीवर येतात त्या वाटेवरच्या.
भिंतीत शिरल्या त्या माझ्या मोजणीत नाहीत.

"ते काटे मंग काढले कोनं?"
मला वाटलं, तू झोपलीस.
बापानं, माय. एकट्यानं. इळ्यानं.
"किती दिवस लागले?"

तेव्हा मी लहान होते.
मला आठवतात ते फक्त त्याचे हात.