पाठ

बिल्डरच्या माणसाने अकरा फोटो पाठवले.
सगळे समोरून.
रोमचा कुठलासा नदीचा देव, कोपरावर रेललेला,
दाढी छातीवर, कुशीत फळांनी भरलेलं शिंग,
आणि एका फोटोत कुणाचं तरी पोर
त्याच्या पावलाला टेकून आइस्क्रीम खाताना.
मापं मी त्या पोरावरून काढली.

नदी आणि बाप्या? यमनाप्पा हसला.
यमनाप्पा राळ कालवतो, त्याला कशाचंही हसू येतं.
म्हटलं, आपली उल्हास नाही का?
नाव पुरुषाचं, आणि वाहते बाईसारखी
सगळ्यांची घाण पोटात घेऊन, गप.

कोलशेतच्या शेडमध्ये बावीस दिवस.
दाढी झाली, शिंग झालं,
द्राक्षं करताना बोटं चिकटून सालं निघाली,
आणि मग काम अडलं.
देव बसणार होता रोमाना रेसिडेन्सीच्या चौकात,
कारंज्याच्या मधोमध.
चारी बाजूंनी तेवीस-तेवीस मजले.
म्हणजे अर्ध्या बाल्कन्यांना
जन्मभर पाठच दिसणार,
आणि पाठ अकरांपैकी एकाही फोटोत नाही.

फोन केला.
तो म्हणाला, मागे काय असतं? प्लेन मार.

प्लेन.

त्या रात्री शेडमध्येच झोपलो.
जवळून पाहिलेल्या पाठी आठवत राहिलो.
एकच आठवली.
तिमाप्पा देवकर, पारसिकच्या डोंगरात
सुतकी मारायचा माझा बाप.
पुढे कपच्या उडतात म्हणून
मला तो मागे बसवायचा, खडीच्या ढिगावर,
पाण्याची कळशी सांभाळायला.
त्यामुळे त्याचा चेहरा मला
फारसा नीट सांगता येत नाही.
डावा खांदा मात्र उजव्याहून बोटभर खाली.
मणक्याच्या दोन्ही अंगांना दोन चर,
घाम त्यातूनच उतरायचा, बाजूला सांडायचा नाही.
उजव्या फऱ्याखाली सुरुंगाची खूण,
जुन्या रुपयाएवढी, कडा आत वळलेल्या.

ती पाठ लावली देवाला.
खुणेसकट.
यमनाप्पाने राळेचा डबा खाली ठेवला
आणि हसला नाही.

उद्घाटनाला नारळ फुटला, मोटर सुरू झाली,
रोमच्या देवावर टँकरचं पाणी पडलं.
भोवती सोळा खांब, वरती पानाफुलांची नक्षी,
टकटक केलं की पोकळ वाजतात,
आत केबल आहे, दोन खांबांत उंदीर.
बिल्डर समोर उभा राहून फोटो काढून गेला.

आता वर्षातून एकदा शेवाळ काढायला बोलावतात.
यंदा सी विंगच्या गुप्तेबाई खाली आल्या,
नुकत्याच सहलीहून आलेल्या, पाय सुजलेले.
अहो देवकर, म्हणाल्या, तुमचा देव बघितला मी!
मुद्दाम मागे जायला गेले तर जागाच नाही,
मग भिंतीच्या फटीत हात घालून मोबाईल धरला,
रखवालदार केवढ्याने ओरडला माझ्यावर.
हे बघा.

फोटोत भिंत. भिंतीलगत अंधार.
अंधारात कच्चा दगड.
पाठ कोरलेलीच नाही.
फसवलं की हो त्यांनी, गुप्तेबाई हसल्या,
इतकी वर्षं जग जातंय बघायला!

मी फोटो बोटांनी मोठा केला.
छिन्नीचे घाव होते,
डावीकडून उजवीकडे, तिरपे,
सुरुवातीला खोल, शेवटी जरा ओढलेले.
दिवस मावळताना असेच पडतात.
कुणी पुसले नव्हते,
कुणाला दिसणारच नव्हते ना.

बाईंना म्हटलं, हा फोटो मला पाठवा.
त्या म्हणाल्या, याचं काय करणार?
मलाही ते सांगता आलं नाही.

मग बादली भरली.
शेवाळ दाढीवर धरत नाही, तिथे ऊन येतं.
धरतं पाठीवर, त्या दोन चरांमध्ये,
आणि खुणेच्या खळग्यात.
ब्रश पोचत नाही.
बोटंच घालावी लागतात.