बाकी

चिमणीतून धूर येईनासा झाला, त्याला आता चौदा महिने.
आधी वाटलं, दुरुस्ती असेल.
मग गेटवरचा पहारेकरी खुर्ची घेऊन सावलीत सरकला
आणि रुळांच्या मधून गवत वर आलं.

तंबूत सभा. मी दुभाषा, दिवसाचे चारशे रँड.
प्रिटोरियाहून आलेला माणूस, टाय सैल,
म्हणाला, न्याय्य संक्रमण. सांग यांना.
मी सांगितलं:
"हे म्हणतायत, बिऱ्हाड हलवताना
गाडीत जागा नाही असं कुणालाच म्हणायचं नाही."
लोक हसले. त्याला वाटलं, पटलं.

मग रकाने. नाव, वय, कर्मचारी क्रमांक.
बॉयलरवाले उठले, कोळशाच्या ट्रकवाले उठले,
माझे वडील उठले. सहा आकडी नंबर
त्यांना झोपेतही पाठ,
माझी जन्मतारीख नाही.

खाबोनिना मासिलेला उठली
तेव्हा तिच्या हातांना पिठाचा वास होता.
बावीस वर्षं गेट क्रमांक दोनसमोर
पहाटे तीनला कढई. मग्विन्या,
आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, सोबत कैरीचं लोणचं,
रात्रपाळी सुटताना, पहिली पाळी शिरताना.
"क्रमांक?" त्यानं विचारलं.
मी विचारलं.
ती म्हणाली, सांग त्याला, आहे.

पिशवीतून वही निघाली.
तेलानं पानं इतकी आरपार
की मार्चमधून फेब्रुवारी दिसत होता.
म्फानाफुथी, टर्बाइन, सहा आणि चहा, बाकी.
झोडवा, राखेचा पट्टा, चार, पगाराला देतो.
थेम्बेनी, नावापुढे बारीकसा क्रूस:
फुप्फुसं गेली, हिशेब राहिला.
माझ्या वडिलांचंही एक पान होतं.
ते मी भाषांतरात गाळलं.

"धूर गेला ते बरंच झालं," ती म्हणाली,
"धाकट्याला दम्याचा पंप महिन्याला एकच लागतो आता.
दोरीवरची चादर संध्याकाळपर्यंत पांढरी राहते.
धुरासाठी रडायला मी आलेली नाही.
पण राखेच्या टेकडीवर तुम्ही काचा मांडताय,
कुंपण घालताय, वीज जाणार जोहान्सबर्गला,
आणि माझ्या घरात अजून
रस्त्याच्या खांबावरून चोरलेली वायर.
ऊन आमच्याही डोक्यावर पडतं, साहेब.
त्यातला आमचा वाटा कुठल्या रकान्यात?"

हे मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.
कुठेही मऊ केलं नाही.

त्यानं पेनाला टोपण लावलं, परत काढलं.
म्हणाला, तशी तरतूद... बघावं लागेल.
वहीचा फोटो घ्यायला फोन बाहेर काढला.
तिनं वही मिटली.
"बसून उतरवून घे म्हणावं. हातानं. बावीस वर्षं आहेत."

तो बसला. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.
अकरा पानं झाली तोवर तंबूवाले दोर सोडत होते,
प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक जात होत्या,
आणि त्याला भूक लागली.
दोन गोळे, एक चहा. खिसे चाचपले.
नुसतं कार्ड.

"असू दे," ती म्हणाली.
कोरं पान उघडलं, मला विचारलं,
याच्या कंपनीचं नाव कसं लिहितात?
मी एकेक अक्षर सांगत गेलो.
तिनं नाव लिहिलं, तारीख घातली,
दोन गोळे, एक चहा,
आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली.