गार आणि ओलं

मिसेस युलाली व्हेरेट यांनी दार ओढलं,
ते अडलं. आतून त्यांनी, बाहेरून मी,
खांदा लावला तेव्हा कुठे सुटलं.
"ऑगस्टपासून असंच," त्या म्हणाल्या, "लाकूड रुसलंय."

हूमा गावाच्या दक्षिणेला, जिथे रस्ता थकतो
आणि बायूचं संथ, चहाच्या रंगाचं पाणी सुरू होतं,
तिथलं हे खांबांवरचं घर.
भिंतीवरचा आकडा अडुसष्ट सांगत होता,
माझा सदरा तरी पाठीला चिकटलेला.

मीठदाणीत तांदूळ घातलेले,
तेही मिठासकट एक ढेकूळ झालेले.
कपाटात नवऱ्याचे रविवारचे बूट,
त्यांवर हिरवट लव, बारीक,
कुणी मुद्दाम मखमल चढवावी तशी.
लग्नाचा फोटो काचेला चिकटला होता,
दोघांपैकी तिचाच चेहरा तेवढा.

"मशीन तर नवं आहे. पाच टनी.
वादळानंतर लाइलने डेन्व्हरहून पैसे पाठवले.
मोठंच घे म्हणाला, तुला उकडायला नको."

सत्तावीस वर्षं हे काम करतोय.
लांब राहणाऱ्या मुलांचं माप
नेहमी दीड-दोन टन जास्तच निघतं.

मोठं मशीन घाईचं असतं, मी म्हणालो.
सात मिनिटांत खोली गार करून झोपी जातं,
हवेतलं पाणी प्यायला त्याला सवड कुठली?
तुमचं जुनं अडीच टनी दिवसभर धापा टाकायचं,
पण घोट घोट करत घर सुकवायचं.

आधी सोपं होतं ते केलं.
माळ्यावर पोटावर सरपटत गेलो.
ट्रे काठोकाठ भरलेला, निचऱ्याचा पांढरा पाइप बुजलेला.
व्हॅक्यूम लावला. पाइपने घसा खाकरला
आणि शेवाळाची एक बुळबुळीत गुठळी
सुळकन बाहेर आली.
वरून कपभर व्हिनेगर ओतलं.

हात पुसताना थर्मोस्टॅटकडे लक्ष गेलं.
पंखा ऑटोवर नव्हता. ऑनवर होता.
"हा रात्रंदिवस फिरतो?"
"हो."
"कॉम्प्रेसर थांबला तरी कॉइल ओली असते, बाई.
ते पाणी खाली गळायच्या आत
हा पंखा पुन्हा तुमच्याच खोलीत फुंकतो."

बटण सरकवलं.
घर गप्प झालं.

इतकं गप्प, की दूर कुणाच्या तरी
कोळंबीच्या होडीचं इंजिन ऐकू आलं,
आणि स्वयंपाकघरात नळाचा एक थेंब.
त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"चार वर्षं विलफ्रेडचं ऑक्सिजनचं यंत्र
या कोपऱ्यात घुरघुरायचं.
ते लोक घेऊन गेले त्या रात्री मला झोप येईना.
म्हणून मग ते बटण..."

माझ्या पेटीत अठरा प्रकारचे पाने आहेत.

गाडीत एक जुनं ओल शोषणारं यंत्र पडून होतं,
दुरुस्तीला आलेलं, कुणी परत न नेलेलं.
उचलून त्याच कोपऱ्यात ठेवलं, खाली बादली.
चालू केलं तसं ते घुरघुरलं,
जरा बेसूर, खालच्या पट्टीत.
त्यांनी मान कलती करून बराच वेळ ऐकलं.
"त्याचं याहून हळू होतं," म्हणाल्या.
आणि थोड्या वेळाने, "चालेल."

बिलात हे लिहिलेलं नाही.

आता रोज सकाळी सहाला फोन येतो.
"क्लोव्हिस, आज पाऊण बादली."
"आज अर्धीच, वारा उत्तरेचा आहे."
परवा सांगत होत्या, मीठ सुटं पडलं,
इतकं, की अंडं खारट झालं.
बूट पायरीवर उन्हात आहेत, पुसले नाहीत अजून.

पाणी कुठे टाकता, मी विचारलं.
"मागच्या कठड्यावरून बायूत.
ज्याचं त्याला."

आणि दार? रंधा घेऊन येऊ?
"हात लावू नकोस," म्हणाल्या.
"ओसरेल."