तूर्त

शुक्रवारी, म्हापशाचा बाजार उठता उठता
उपेंद्र वेर्णेकर जिना चढून वर आला.
हातात केळ्याच्या चिप्सचा डबा.
खाली ठेवला तेव्हा चिप्ससारखा वाजला नाही.

एका वटमुखत्यारपत्राच्या पाठीवर
त्यानं सोळा राजे ओतले
आणि एक बाई. राजे गेल्यावर आलेली,
प्रजासत्ताकाची, मान ताठ, केस बांधलेले.
मग रुमालाच्या गाठीतून
बोटभर पोलादाचा ठसा काढला.
टोकावर उलटी कोरलेली मुडदुशी,
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी.

"मानेवर मारतो, एकच घाव.
पर्यटक दुप्पट देतात.
काल एकानं धमकी दिली, पोलिसात जातो म्हणून.
वकीलबाई, ह्या राजाला मारणं
गुन्हा होतो का हो?"

मी चष्मा पुसला.
प्रश्न पन्नास रुपयांचा असला
तरी चष्मा पुसावा लागतो.

जुन्या संहितेत नाण्याची व्याख्या होती:
तूर्त पैसा म्हणून वापरात असलेला धातू.
खाली उदाहरण: कवड्या म्हणजे नाणं नव्हे.
शिकत होते तेव्हा त्या ओळीवर हसले होते.
कुठल्या साहेबाला, कुठल्या बाजारात
आली असेल ही शंका?
हल्ली हसत नाही. पक्षकार बसलेला असताना
बोट त्याच शब्दावर जाऊन थांबतं.
तूर्त.

म्हटलं, हा ज्या तिजोरीचा, ती गेली.
ह्याच्या मागून एस्कुदो आले, तेही गेले.
ह्याला आज कोणी पावाचा तुकडा देणार नाही,
मग ह्याला इजा झाली असं सरकार कशाला म्हणेल?
दहाच्या चालू नाण्याला हात लावू नकोस, तिथे धरतील.
ह्याला मार.

पण ऐक.
सराफ ठोकायचे, आत चांदीच आहे का बघायला.
राज्यंही ठोकायची, परक्या नाण्यावर आपला मुकुट,
आणि त्यांना कलम विचारायला कोणी गेलं नाही.
तू मात्र ही मुडदुशी जुनी म्हणून खपवलीस,
पणजोबांच्या काळची खूण वगैरे सांगितलंस,
तर गुन्हा हातानं नाही, जिभेनं केलास.
माशाखाली चालू साल मार.
आणि शंभरी उलटलेल्याला
परवान्याशिवाय विमानात चढू देऊ नकोस,
तो आपल्याच गावी परत निघाला असला तरी.

"साल मारलं तर दुप्पट कोण देईल?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
म्हणून असेल, मी खण उघडला.
माझा रुपया, राजाचा नव्हे, नंतरचा, ढालीचा.
कडेला भोक. भोकात काळ्या दोऱ्याचा धागा.
सत्तावन्न साली माझ्या कमरेला होता,
मी चार महिन्यांची.

त्यानं खिडकीशी नेला, अंगठा फिरवला.
"हे आमच्या आजोबांनी पाडलंय.
बाळाच्या कातडीला लागते ती बाजू वर धरायचे,
घाव तिथून घालायचे.
धार पलीकडे फुटते, ढालीवर. बोचत नाही."

मी साल मोजलं. वकिलाची खोड.
सत्तावन्न. एस्कुदो यायचे होते अजून.
म्हणजे तेव्हा हा चालत होता.
मासळी, मीठ, बसचं तिकीट,
सगळं मिळत होतं ह्याच्यावर.

सतरांपैकी एकातही नाही तो गुन्हा
माझ्या खणात होता, इतकी वर्षं,
आई आणि एक सोनार मिळून केलेला,
बहुधा सकाळच्या वेळी, दुकान उघडल्या उघडल्या,
मी रडत असताना.

उपेंद्रला काही सांगितलं नाही.
त्यानं ठसा रुमालात बांधला,
राजे डब्यात भरले,
फी म्हणून ती बाई टेबलावर ठेवली,
मान कोरी.

पावतीपुस्तक उघडं आहे अजून.
रक्कम लिहू की वस्तू?