कोरडा पूल

पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं,
असं म्हणायची इथे सोय नाही.
इथून नदीच उठून गेली, माझ्या जन्माआधी.
पूल तेवढा मागे राहिला
आणि त्याच्या कठड्याला चादरी अंथरून
तिबिलिसीतली निम्मी घरं
दर शनिवारी उलटी करून ठेवतात:
दंतवैद्याचे चिमटे,
झुंबरांचे सुटे लोलक, किलोवर,
पदकं, काही शौर्याची, काही जास्त दूध काढल्याची,
एक दहा मुलं जन्माला घातल्याचं.
("स्वस्त आहे," त्सिआला म्हणाली, "दहा मुलांच्या मानानं.")

ती सगळं हातात घेते आणि काहीच घेत नाही.
कुलपाचा वास घेते. बाहुलीच्या डोळ्यात फुंकर घालते.
मी उलट.
माझ्या पिशवीत एव्हाना एक वायुभारमापक,
काटा 'बदल' या शब्दावर अडकलेला.
"चालू आहे," विकणारा म्हणाला.
"हवाच तशी आहे, गेली तीस वर्षं."
मी पाच लारी दिले ते या उत्तराचे.
यंत्र फुकटात पडलं.

ओतारच्या चादरीपाशी ती थांबली.
म्हणजे बोलायची थांबली.
चाळीस वर्षांच्या मैत्रीत हे मी तीनदा पाहिलंय.

चहाच्या पेल्याचं चांदीचं कोंदण.
भोवती द्राक्षाची वेल, कान जरा वाकडा.
तिनं ते उलटं करून पाहिलं नाही.
बुडाशी कुठलं अक्षर आहे ते तिला ठाऊक होतं.

ज्या हिवाळ्यात आम्ही पियानोचं झाकण जाळलं
त्याच हिवाळ्यात, याच पुलावर,
हे गेलं होतं साडेचार लिटर रॉकेलला.
वरचं अर्धं लिटर मी भांडून घेतलं,
असं ती तेव्हा सांगायची, मोठ्या तोऱ्यात.

"केवढ्याला?"
"चाळीस. साधंसुधं नाही बाई, एका सेनापतीचं आहे.
घोड्यावर बसून चहा प्यायचा, थेंब सांडायचा नाही."

तिचे वडील स्टेशनवर
हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसायचे.
घोड्याला भ्यायचे.

मी पर्स उघडली.
तिनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं, एकच.

तेवढ्यात एक उंच पोरगी आली,
बहुधा पोलंडची, पाठीवर तंबूएवढी पिशवी.
तिनं कोंदण उचललं, मोडक्या रशियनमध्ये विचारलं,
खरंच का सेनापतीचं?

ओतारनं तोंड उघडायच्या आत त्सिआला म्हणाली,
"अगदी खरं. मी ओळखायचे त्यांना.
साखरेचे दोन खडे चहात टाकायचे,
तिसरा मुलीसाठी खिशात.
हा कान बघ. मुलीनंच आपटला होता.
ते रागावले नाहीत.
लढाईत काय करायचे कोण जाणे,
घरी कधी रागावले नाहीत."

सत्तरला गेलं.
घासाघीस न करता, कागदात गुंडाळून,
दोन्ही हातांत धरून नेलं पोरीनं.

ओतार आमच्याकडे बघत राहिला बराच वेळ.
मग टोपी काढून, अदबीनं,
झुंबराचा एक लोलक त्सिआलाच्या हातावर ठेवला.
दलाली.

"का गं?" मी पायऱ्यांवर विचारलं.
"त्याचा हिशेब मिटलाय, लामारा.
परत घ्यायचं तर साडेचार लिटर परत करावं लागेल,
आणि ते तर आपण संपवलं.
तूही होतीस शेकायला."
दोन पायऱ्या उतरल्यावर:
"पेनं ठेवणार ती त्यात, बघ तू."

कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही चहा घेतला, कागदी पेल्यांतून.
साखरेचे खडे तीन आले होते तिच्या बशीत.
दोन तिनं टाकले, ढवळले.

मी वायुभारमापक पुसत होते.
मी काही पाहिलं नाही.