वेगळी चूल

सातपूर, कामगार वसाहत, रात्रीचे साडेनऊ.
अर्जावर सुकदेव गांगुर्डे इंग्रजीत लिहितो
लेथ मिलिंग ग्राइंडिंग ड्रिलिंग
एका दमात, सगळी बारा वर्षं.

अहो, श्वास घ्या की, मी म्हणते.
दोन कामांमध्ये एक स्वल्पविराम,
नाहीतर साहेबाला वाटायचं
एकाच मशीनचं लांबलचक नाव आहे.

तो हसतो. बोटांना कूलंटचा वास.
शेपटीवाले ठिपके काढतो जपून,
मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस,
एकही रेघेबाहेर जात नाही.

"आणि 'अँड'च्या आधी?"
दिला तरी चालतो, नाही दिला तरी.
शेवटचे दोघे एकत्र धरले जाऊ नयेत
असं वाटलं, तर द्यावा.

मग कुटुंबाचा रकाना.
मदर, वाइफ, डॉटर
इथे पेन्सिल थांबते.
ब्रदर यायचाय अजून, 'अँड'नंतर.
"दिवाळीपासून चूल वेगळी केली त्यानं,"
तो म्हणतो, फळ्याकडे बघत.

मी उगाच डस्टर झटकते.
दोन्ही बरोबर आहे, हे सांगून झालंय मघाशीच.

वर्ग सुटल्यावर अर्ज गोळा करताना पाहिलं:
दिलेला, खोडलेला, पुन्हा दिलेला, खोडलेला.
'अँड'च्या आधी कागद
पार पातळ झालाय.